गव्हाळ बाळाची त्वचा व्हिनाइलवर रंगवताना

घणसोलीच्या एका ताईंनी विचारले आहे की, रीबॉर्न बाहुलीच्या, म्हणजे हुबेहूब खऱ्या बाळासारख्या दिसणाऱ्या बाहुलीच्या, व्हिनाइलच्या (मऊ प्लास्टिकच्या) कोऱ्या किटवर, म्हणजे न रंगवलेल्या सुट्या अवयवांवर, बाळाची त्वचा रंगवायला घेतली की पहिल्या दोन-तीन थरांतच ती नारिंगी दिसू लागते. ती झाक मारण्यासाठी रंगात पांढरा आणि थोडा काळा मिसळला की राखाडी पडते. आणि जूनमध्ये पूर्ण केलेली बाहुली ऑगस्ट उजाडला तरी हाताला चिकट लागते. त्या ॲक्रिलिक रंग वापरतात. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसते तसे गुलाबी बाळ त्यांना नको आहे, आपल्याकडे घरोघरी दिसते तसे गव्हाळ बाळ हवे आहे. मी ठाण्यात अनेक वर्षे हेच काम करते आणि याच तक्रारी घेऊन बरेच जण येतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. पहिल्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. तिसरीचा संबंध खाडीकाठच्या हवेशी आणि रंगाच्या माध्यमाशी आहे, तिच्याकडे नंतर येते.

गव्हाळ रंग एका वाटीत कालवून तयार करायचा आणि तो डोक्यापासून पायापर्यंत सारखा लावायचा, अशी बहुतेकांची सुरुवात असते, आणि अडचण तिथेच होते. खऱ्या त्वचेत तो रंग एका जागी नसतो. वरच्या थरात मेलॅनिन हे तपकिरी रंगद्रव्य असते, त्याच्या खाली रक्तातल्या हिमोग्लोबिनचा लाल रंग असतो, आणि ऑक्सिजन कमी असलेले रक्त वाहणाऱ्या शिरा त्वचेतून निळसर-हिरवट दिसतात. नजरेला जो एक रंग भासतो तो या सगळ्यांमधून गाळून आलेल्या उजेडाचा परिणाम असतो. म्हणून व्हिनाइलवरही तोच क्रम ठेवावा लागतो: आधी आतले निळे आणि लाल, त्यावर तपकिरी, आणि प्रत्येक थर इतका पारदर्शक की खालचा दिसत राहील. गोऱ्या बाळाच्या बाबतीत हा क्रम थोडा चुकला तरी निभावून जाते, कारण तिथे लाल रंगच वरचढ असतो. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत मात्र खालचा लाल नसेल तर वरचा तपकिरी निर्जीव दिसतो, आणि मग लोक त्याला जीव आणायला गालांवर गुलाबी रंग चोपडतात.

नारिंगीचे कारण सोपे आहे. बाजारात मिळणारी बहुतेक किट मुळातच पीच रंगाच्या व्हिनाइलची असतात. त्या पीचवर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) किंवा तयार ‘फ्लेश’ रंग चढवला की दोन्हींमधला पिवळा-लाल एकत्र होतो आणि भगव्याकडे झुकतो. राखाडी पडण्याचे कारण टायटॅनियम व्हाइट, म्हणजे नेहमीचा पांढरा रंग, आहे. तो अत्यंत झाकणारा रंग आहे, थेंबभर मिसळला तरी मिश्रणाची पारदर्शकता जाते आणि वर खडूची झाक येते. त्यात काळा घातला की लाल पूर्ण मरतो. त्वचेच्या मिश्रणांतून काळा रंग मी कायमचा काढून टाकला आहे. गडदपणा हवा असेल तिथे बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) एकत्र करावेत, त्यांचा गडद रंग जिवंत राहतो. पांढरा फक्त नखांच्या कडांसाठी आणि नाकावरच्या बारीक पांढऱ्या पुळ्यांसाठी ठेवावा.

रंग विकत घेताना ट्यूबवरचे आकर्षक नाव वाचू नये, मागे बारीक अक्षरांत छापलेला रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. गव्हाळ बाळासाठी लागणारे रंग मोजकेच आहेत: रॉ सिएना (पिवळसर तपकिरी), बर्न्ट सिएना, रॉ अंबर (हिरवट तपकिरी) आणि बर्न्ट अंबर (हे चारही सहसा पीबीआर 7 या क्रमांकाखाली येतात), अल्ट्रामरीन म्हणजे पीबी 29, पारदर्शक लोहयुक्त लाल म्हणजे पीआर 101, आणि थंड, म्हणजे निळसर झाकेच्या, लालसाठी क्विनाक्रिडोन, म्हणजे पीव्ही 19. पिवळेपणासाठी यलो ऑकर चालतो, पण रॉ सिएना त्याच्याहून अधिक पारदर्शक असल्याने मला तो जास्त उपयोगी वाटतो. थंड लाल म्हणून अनेक जण ॲलिझरिन क्रिमसन घेतात. ट्यूबवर पीआर 83 असेल तर घेऊ नका. हे रंगद्रव्य उजेडात फिके पडते, आणि लाल निघून गेलेली गव्हाळ त्वचा हळूहळू आजारी पिवळी दिसू लागते. त्यावर वरून लाली लावून दुरुस्ती करता येत नाही, कारण गेलेला लाल सगळ्यात खालचा असतो.

रंगाला हात लावण्याआधी खरे बाळ नीट पाहावे. आपल्याकडचे बहुतेक बाळ जन्मताना त्याच्या पुढच्या रंगापेक्षा बरेच उजळ आणि लालसर असते. मेलॅनिन पुढच्या काही आठवड्यांत वाढत जाते. घरातल्या मोठ्या बायका बाळाच्या कानांच्या वरच्या कडा पाहून ‘हा सावळा होणार’ असे सांगतात, आणि त्या निरीक्षणात तथ्य आहे: कानाची कड, नखांच्या मुळाजवळची त्वचा, बोटांची पेरे या जागा आधी गडद होतात. तळवे आणि तळपाय मात्र उजळच राहतात. मान, काख, जांघ आणि मांडीच्या वळ्यांत रंग गडद असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत हातपाय निळसर-जांभळे दिसतात, नंतर तो रंग निवळतो. तेव्हा बाहुली किती दिवसांच्या बाळाची आहे हे आधी ठरवावे, कारण दोन दिवसांच्या आणि तीन महिन्यांच्या गव्हाळ बाळाच्या रंगात मोठे अंतर असते आणि दोन्ही एकाच बाहुलीत मिसळले की पाहणाऱ्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते.

किट आधी भांड्यांच्या सौम्य साबणाने आणि कोमट पाण्याने मऊ ब्रश वापरून धुवावे, कारण साच्यातून सुटावे म्हणून लावलेला तेलकट पदार्थ वळ्यांत आणि कानांत अडकून राहतो आणि नेमका तिथेच रंग सुटतो. आतल्या बाजूचे पाणीही पूर्ण वाळू द्यावे. त्यानंतरचा पहिला थर हा पीच रंग शांत करण्यासाठी असतो. अल्ट्रामरीनमध्ये थोडा रॉ सिएना घालून मिळणारा मळकट ऑलिव्ह रंग कोऱ्या चहाइतका पातळ करावा, सगळ्या अवयवांवर लावावा आणि लगेच कोरड्या स्पंजने टिपून घ्यावा. हा थर दिसता कामा नये. फक्त व्हिनाइलची नारिंगी चमक कमी झालेली जाणवली पाहिजे. रंगवलेला आणि न रंगवलेला असे दोन पाय शेजारी ठेवले तरच फरक कळतो. ॲक्रिलिक पातळ करताना नुसते पाणी ओतत बसू नये, कारण पाणी जास्त झाले की रंग धरून ठेवणारे बंधक विरळ होते आणि थर पुढे बोटाने घासला तरी निघतो. पाणी थोडे आणि ग्लेझिंग मीडियम (रंग पातळ व पारदर्शक करणारे बंधकयुक्त द्रव) जास्त, असे प्रमाण ठेवावे. ओले ॲक्रिलिक वाळल्यावर थोडे गडद होते हेही लक्षात ठेवावे, नाहीतर ओला थर फिका वाटून आणखी एक थर चढवला जातो.

यानंतर मॉटलिंग, म्हणजे त्वचेखालच्या रक्ताचा असमान, जाळीदार चट्टेपणा. मेकअपचा त्रिकोणी स्पंज कापून न घेता हाताने फाडून घ्यावा, म्हणजे त्याचा पृष्ठभाग ओबडधोबड होतो आणि ठसे सारखे उमटत नाहीत. पीव्ही 19 मध्ये किंचित अल्ट्रामरीन मिसळून केलेला जांभळट लाल रंग स्पंजवर घ्यावा, कागदावर बहुतेक टिपून टाकावा, आणि उरलेल्या रंगाने व्हिनाइलवर हलके ठोकत जावे, दर वेळी मनगट थोडे फिरवत. मांड्या, दंड आणि पोटऱ्यांवर हे जाळे मोकळे ठेवावे, तळपाय आणि हातांवर दाट करावे. त्यावर दुसऱ्या दिवशी बर्न्ट सिएना आणि पीआर 101 यांचे उबदार मॉटलिंग, आधीच्या ठशांच्या मधल्या मोकळ्या जागांत. या टप्प्यावर बाहुली फार लाल, जवळजवळ भाजल्यासारखी दिसते आणि नवशिके लोक घाबरून इथेच पांढरा रंग हातात घेतात. तसे करू नये. वर तपकिरी चढणार आहे आणि तो या लालपैकी निम्मा तरी गिळणार आहे.

तपकिरीचे थर एकाऐवजी पाच किंवा सहा, प्रत्येक अगदी पातळ, असे द्यावेत. रॉ सिएनात थोडा बर्न्ट अंबर घातला की गव्हाळचा मुख्य रंग मिळतो. रॉ अंबर घातला की तो हिरवटपणाकडे झुकतो, आणि आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या त्वचेत तो हिरवट अंश खरोखर असतो, विशेषतः कपाळाच्या बाजूंना आणि तोंडाभोवती. मी हे दोन्ही रंग आलटून पालटून देते. सावळ्या बाळासाठी बर्न्ट अंबर वाढवावा आणि थरांची संख्याही वाढवावी. एकाच थरात रंग गडद करू नये, कारण जाड थर खालचे मॉटलिंग झाकतो आणि बाहुली रंगवलेल्या भिंतीइतकी सपाट होते. शिरा गोऱ्या बाळात छातीवर आणि कपाळावरही दिसतात. गव्हाळ बाळात त्या मनगटाच्या आतल्या बाजूला, कानशिलावर, पापणीवर आणि तळपायाच्या खळग्यातच द्याव्यात, तपकिरीच्या शेवटच्या दोन थरांच्या आधी, म्हणजे त्या त्वचेखाली जातात. सगळ्यांत वर काढलेली शीर पेनाने ओढलेल्या रेघेसारखी उठून दिसते.

आता हाताबद्दल. कोणी बाहुली हातात घेतली की चेहऱ्यानंतर लगेच मूठ उघडून पाहते, म्हणून मी हाताला सर्वांत जास्त वेळ देते. तळव्यावर तपकिरीचे फक्त पहिले दोन थर जातात, पुढचे थर मनगटाच्या कडेशी विरत जाऊन संपतात. हाताचा मागचा भाग आणि तळवा यांच्यामधली ही सीमा बोटांच्या बाजूंवरून जाते आणि ती कुठेही रेषेसारखी दिसता कामा नये, म्हणून तिथे कोरड्या मऊ ब्रशने रंग ओढत न्यावा. तळव्याच्या रेघांमध्ये पीआर 101 आणि बर्न्ट अंबर यांचे पातळ मिश्रण सोडावे आणि वरून बोटाने पुसावे, म्हणजे रंग खाचेतच राहतो. बोटांच्या टोकांना आणि अंगठ्याखालच्या फुगीर भागाला पीव्ही 19 ची लाली. पेरांवर मागच्या बाजूने बर्न्ट अंबर आणि क्विनाक्रिडोन यांचा जांभळट तपकिरी, तोही नेमका सुरकुतीवर, तिच्या आजूबाजूला पसरू न देता. नखांचा तळ उजळ गुलाबी-तपकिरी ठेवावा, मुळाशी असलेली त्वचा एक छटा गडद करावी आणि शेवटी अगदी बारीक ब्रशने कडेला पांढरट रेघ ओढावी, पण शुद्ध पांढऱ्याची नाही, त्यात रॉ सिएनाचा थेंब हवा. नवजात बाळाची नखे बोटाच्या टोकापर्यंत वाढलेली असतात, तेव्हा ही कड अगदीच अरुंद ठेवून चालत नाही. नखांवर नेहमीचे नेलपॉलिश लावण्याचा मोह टाळावा; मऊ व्हिनाइलवर ते वर्षानुवर्षे वाळत नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत मुख्य गोष्ट लालीची. गव्हाळ बाळाच्या गालावर गुलाबी लाली परकी दिसते. तिथे विटकरी, म्हणजे पीआर 101 मध्ये थोडा क्विनाक्रिडोन, हा रंग खरा दिसतो आणि तोही गालाच्या मध्यावर गोल न करता कानाच्या दिशेने असमान पसरवावा. पापण्यांवर जांभळट छटा, नाकपुड्यांच्या आत गडद लाल-तपकिरी, ओठांना बाहेरून आत गडद होत जाणारा रंग. ओठांची बाहेरची कड आपल्या बाळांमध्ये बहुधा तपकिरी असते आणि आतला ओला भाग गुलाबी. कानाची वरची कड विसरू नये. चमक फक्त ओठांच्या आतल्या भागाला आणि पापणीच्या ओल्या कडेला, बाकी सगळे मॅट.

एक खूण मी जवळजवळ प्रत्येक गव्हाळ बाळाला देते, ज्या किटला व्हिनाइलची पाठ किंवा ढुंगणाची पट्टी असते त्यांना तरी. कमरेच्या खाली, माकडहाडाजवळ निळसर-करडा, कडा अस्पष्ट असलेला डाग आशियाई बाळांमध्ये फार मोठ्या प्रमाणात आढळतो. मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी त्वचेच्या खोल थरात राहिल्याने तो निळा दिसतो आणि वाढत्या वयात बहुधा निघून जातो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर यांचे अतिशय पातळ मिश्रण मॉटलिंगच्या टप्प्यावरच तिथे टिपावे. लंगोट बदलताना हा डाग ज्यांनी पाहिलेला असतो, त्या आया तो लगेच ओळखतात. गालबोटाची तीट मात्र रंगात रंगवू नये. ती काजळाने लावायची गोष्ट आहे, मालकीण लावेल.

उजेडाबद्दल थोडक्यात. रात्री पिवळ्या दिव्याखाली रंगवलेली त्वचा सकाळी हिरवी किंवा राखाडी दिसते. 5000 ते 6500 केल्विनचा आणि रंगदर्शकता (सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवण्याची क्षमता) 90 च्या वर असलेला दिवा घ्यावा, किंवा उत्तरेच्या खिडकीत काम करावे. मोबाइलच्या फोटोवरून रंग पारखू नये. बरेच कॅमेरे त्वचा आपणहून उजळ करतात. फोटो काढायचाच असेल तर शेजारी पांढरा कागद ठेवून सावलीत काढावा.

चिकटपणाची तीन कारणे असतात आणि ती बहुधा एकत्रच येतात. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईत हवेतली आर्द्रता कित्येक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते, आणि ॲक्रिलिक वाळते ते त्यातले पाणी हवेत गेल्यानेच. हवाच भिजलेली असेल तर पाणी जाणार कुठे? वरचा पापुद्रा वाळतो, आतला थर ओला राहतो, त्यावर घाईने पुढचा थर आणि शेवटी वार्निश चढते. दुसरे म्हणजे, व्हिनाइल मऊ ठेवण्यासाठी त्यात घातलेली प्लास्टिसायझर नावाची तेलासारखी द्रव्ये हळूहळू वर येतात आणि अयोग्य वार्निशला मऊ करतात. स्प्रेच्या डब्यातली विद्रावकयुक्त वार्निशे यात सर्वांत वाईट. तिसरे, मीडियमचे अनेक थर. चमकदार मीडियम मुळातच किंचित चिकट असते. म्हणून पावसाळ्यात ॲक्रिलिकचे काम एसी चालू असलेल्या बंद खोलीत किंवा डीह्युमिडिफायर लावून करावे, दोन थरांमध्ये एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, आणि वार्निश पाण्याचे, मॅट आणि पातळ असावे. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी पावसाळ्यात केस रोवणे, धड भरणे अशी कामे करावीत आणि रंग ऑक्टोबरात हातात घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मार्ग उष्णतेने पक्के होणाऱ्या तेलरंगांचा. जेनेसिस हे त्यांतले परिचित नाव. हे रंग हवेत वाळतच नाहीत, त्यामुळे आर्द्रतेचा प्रश्न उरत नाही आणि मनासारखे होईपर्यंत टिपत बसता येते; साधारण 130 अंश सेल्सिअसला 8 ते 10 मिनिटे भाजले की थर पक्का होतो. खर्च जास्त आहे, पण गव्हाळ त्वचेसाठी लागणारे अनेक पातळ थर यांत फार सुंदर बसतात. मात्र अटी कडक आहेत. ओव्हन या कामासाठी वेगळाच हवा, त्यात पुन्हा कधी अन्न शिजवता येणार नाही. तापलेल्या व्हिनाइलमधून आणि थिनरमधून निघणारी वाफ श्वासात जाता कामा नये, म्हणून ओव्हन उघड्या गॅलरीत किंवा एक्झॉस्ट पंख्याजवळ ठेवावा आणि लहान मुले, गरोदर बायका यांना त्या वेळी लांब ठेवावे. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता आत वेगळा थर्मामीटर ठेवावा, कारण तापमान चढले तर व्हिनाइल चमकू लागते आणि आकार सोडते. भाजून निघालेला अवयव गार होईपर्यंत उचलू नये, गरम व्हिनाइलवर बोटाचा खळगा कायमचा उमटतो.

ताईंकडे चिकट झालेली जी बाहुली आहे तिच्यावर पावडर चोळून वेळ मारून नेऊ नये, पावडर थरात रुतते आणि रंग पांढुरका होतो. आधी डोक्याच्या मागे, जिथे केसांनी झाकले जाईल तिथे, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने छोटी जागा पुसून पाहावी. ॲक्रिलिक त्याने सुटते. फक्त वार्निशच चिकट असेल तर एसीच्या खोलीत काही आठवडे ठेवून ते बसते का ते पाहता येईल, पण खालचा थरही ओला निघाला तर सगळा रंग काढून किट धुऊन पुन्हा सुरुवात करणे हाच शहाणपणाचा मार्ग. नारिंगी पडलेली पण कोरडी बाहुली मात्र वाचवता येते: वर सांगितलेला ऑलिव्ह थर तिच्यावर एकदा-दोनदा द्यावा आणि मग रॉ अंबरचे पातळ थर चढवावेत.

पूर्ण झालेली बाहुली थेट उन्हात किंवा खिडकीच्या काचेजवळ ठेवू नये. काळे, गडद लाल किंवा जांभळे नवे कपडे न धुता घालू नयेत, त्यांचा रंग व्हिनाइलमध्ये शिरतो आणि मग निघत नाही; बाळंतविड्यातली लाल कुंची घालायचीच असेल तर आत पांढरे सुती अस्तर शिवावे. पावसाळ्यात कापडी धड आणि मोहेअरचे (अंगोरा शेळीच्या लोकरीचे) केस यांना बुरशी लागू नये म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि दोन बाहुल्यांचे रंगवलेले अवयव एकमेकांना टेकू देऊ नयेत. या बाहुल्या संग्रहासाठी असतात. धडात वजनासाठी काचेचे मणी असतात, चोखणीत लोहचुंबक असू शकतो, म्हणून घरातल्या लहान मुलाच्या हातात ती खेळणे म्हणून देऊ नये, आणि विकताना तसे लेखी सांगावे.